शंभर टक्के कोणाचे?

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आमच्या किनारपट्टीवर ठिकठिकाणी फलक झळकू लागतात. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, कोणत्याही नाक्यावर उभे राहावे, 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' नजरेआड होत नाही. मिशनच्या शाळाही यात मागे नाहीत. फलकावर पहिल्या तीन मुलांची छायाचित्रे असतात, मुख्याध्यापकांचे असते, संस्थाचालकांचे असते आणि, लिहिताना संकोच वाटतो, कधीकधी धर्मगुरूंचेही असते. रविवारच्या मिस्सेनंतर पेढे वाटले जातात. मुलांनी वर्षभर अभ्यास केला, त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. आमचे भांडण पेढ्यांशी नाही. त्या एका आकड्याच्या जोरावर धर्मग्रामात जे निर्णय घेतले जाऊ लागले आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण आहे, आणि ते उघडपणे मांडण्याची वेळ आली आहे.

आधी आकडा पाहू. कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे. हे मंडळ स्वतंत्र झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलेच राहिले आहे. २०२३ साली कोकणचा निकाल ९८.११ टक्के, राज्याचा ९३.८३. २०२४ साली कोकण ९९.०१, राज्य ९५.८१. २०२५ साली कोकण ९८.८२, राज्य ९४.१०, आणि सर्वांत खाली नागपूर ९०.७८. अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. परंतु मुंबई विभागातून तीन लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसतात, तेव्हा कोकणातून तीस हजारही बसत नाहीत, हेही त्याच निकालपत्रकात छापलेले असते. ते मात्र कोणी फलकावर लिहीत नाही.

याच निकालांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की, तो प्रत्येक पालकाने पाठ करून ठेवावा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. कोकणही ९६ टक्क्यांवरून ८८.३८ वर आले. २०२० साली अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले, राज्य ९५.३० वर गेले, कोकण ९८.७७ वर. आम्ही विचारतो, २०१९ साली महाराष्ट्रातील शिक्षक शिकवायचे विसरले होते काय? आणि एका वर्षात पुन्हा शिकवू लागले? पुढे २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनीच मूल्यमापन केले, तेव्हा कोकणचा निकाल पूर्ण शंभर टक्के लागला. परीक्षेवाचूनच आपण शंभर गाठले! जो आकडा शासनाच्या एका परिपत्रकाने बारा टक्के खाली येतो आणि दुसऱ्याने अठरा टक्के वर जातो, त्यावरून शाळेचे मोल ठरवणे म्हणजे भरतीच्या पाण्यावरून होडीची उंची मोजण्यासारखे आहे.

याचा अर्थ कोकणचे यश खोटे आहे असा नव्हे. २०१९ च्या पडझडीतही कोकण पहिलेच राहिले, हे आम्ही विसरत नाही. त्यामागे मोठी पुण्याई आहे. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी मंडळे स्थापून, वर्गणी काढून आपल्या गावात शाळा बांधल्या. पुरुष मुंबईत, बोटीवर किंवा आखातात, आणि घरी राहिलेल्या आईने मनीऑर्डरच्या पैशांतून प्रथम मुलांची वह्या-पुस्तके घ्यायची, ही या मातीची रीत. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती आणि स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक. हे सारे खरे. पण त्याच जनगणनेने दुसरीही गोष्ट सांगितली. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. माणसे कमी झाली, म्हणजे मुलेही कमी झाली. पंचक्रोशीतील शाळा एकाच ओहोळातून पाणी भरू लागल्या आहेत, आणि ज्याचा फलक मोठा त्याच्याकडे मुले, असा व्यवहार सुरू झाला आहे.

आता शंभर टक्के कसे होतात ते पाहू. एखाद्या शाळेत दहावीच्या वर्गात अठरा मुले आहेत असे समजा. एक नापास झाला तर निकाल ९४.४४ टक्के. फलक गेला. म्हणून तो एक कोण असेल याचा शोध नववीतच सुरू होतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे खालच्या वर्गांत मुलाला अडवणे कठीण, त्यामुळे सारी चाळण नववीत लागते. मग पालकांना बोलावणे धाडतात. 'मुलाला झेपत नाही, सतरा नंबरचा अर्ज भरा, बाहेरून बसवा' असा सल्ला मिळतो. बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरला जात नाही. बाप रापणीवर, आई मासळीच्या पाटीमागे; त्यांना सतरा नंबर म्हणजे काय हे ठाऊक नसते. ती मान डोलावतात आणि दाखला घेऊन जातात. दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' असे कारण लिहिले जाते. सर्वच शाळा असे करतात असे आम्ही म्हणत नाही. पण अशी मुले व त्यांचे आईबाप आमच्या दारी येतात, एका शाळेतून नव्हे, अनेक शाळांतून येतात, आणि त्यांत मिशनच्या शाळाही असतात.

प्रभू येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शंभरांतील एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णवांना रानात ठेवून त्या एकामागे जातो. आजच्या हिशेबाने तो मेंढपाळ वेडाच म्हणावयाचा. त्याच्या हाती साधा उपाय होता: हरवलेल्या मेंढराचे नाव हजेरीपटावरून काढावयाचे. लगेच कळप नव्याण्णवांचा, हजर नव्याण्णव, उपस्थिती शंभर टक्के! ख्रिस्तसभेच्या शाळेने हा उपाय करावा आणि वर त्याच शाळेच्या भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे चित्र टांगावे, यापरते विपरीत ते काय?

हा मोह केवळ आमच्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत 'चार्टर स्कूल' नावाचा प्रकार आहे. पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा, आणि दोघांत काही वर्षांचा करार. निकाल चांगला लागला तर करार वाढतो, न लागल्यास शाळा बंद होऊ शकते. मिनेसोटा राज्याने १९९१ साली यासाठी प्रथम कायदा केला आणि पुढच्या वर्षी पहिली शाळा निघाली. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकूनच प्रवेश द्यावा, निवड करू नये, असा तेथे सर्वसाधारण नियम आहे. तरीही वाद मिटलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका केंद्राने २००९ साली पाहणी केली, तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस ठरल्या, ३७ टक्के निकृष्ट ठरल्या आणि उरलेल्यांत फरकच दिसला नाही. २०२३ च्या पाहणीत चित्र सुधारले होते. परंतु तेथील जाणती माणसे निकाल हाती आला की लगेच दुसरा कागद मागतात: या शाळेत मुले कोण आहेत? गरीब किती, परभाषक किती, अपंग किती, आणि पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी शेवटपर्यंत टिकली किती? २०१५ साली न्यूयॉर्कमधील अशाच एका नामांकित शाळेत 'यांना घालवावे' अशा मुलांची यादी केल्याचे उघड झाले आणि मोठा गहजब उडाला. आमच्याकडे यादी कोणी करीत नाही, म्हणून गहजबही होत नाही, एवढेच.

अनुदानित शाळा ही कल्पना अमेरिकेच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी, १८५४ च्या वुडच्या खलित्याने, आपल्या देशात आली. इमारत व कारभार मिशनचा, शिक्षकांचे वेतन शासनाचे. यात ख्रिस्ती माणसाने एका गोष्टीची जाण ठेवावी. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात कॅथलिक धर्मप्रांतांनी संत इसिदोर यांच्या नावाची चार्टर शाळा काढण्याचे ठरविले. २०२३ साली तिला मंजुरी मिळाली, २०२४ साली तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी पडून तोच निर्णय कायम राहिला. ख्रिस्ती बहुसंख्येच्या देशात कॅथलिक शाळेला जे मिळाले नाही ते भारतीय घटनेने आम्हां मूठभरांना १९५० सालीच दिले. कलम ३० ने शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला, आणि अनुदान देताना अल्पसंख्याकांची शाळा म्हणून भेदभाव करू नये असेही त्याच कलमात सांगितले. त्याबरोबर कलम २९ ने बजावले की, शासनाचे साहाय्य घेणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात वा भाषा एवढ्याच कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. देणे आणि घेणे दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलेले आहे. आमची मंडळी पहिले कलम भाषणात वापरतात. दुसरे त्यांना आठवत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाचणी घेऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याकांच्या अनुदानित आणि विनाअनुदानित सर्वच शाळांना या कायद्यातून वगळले. आमचे स्वरूप टिकावे म्हणून ही सूट होती. तिचा उपयोग आम्ही कशासाठी केला? साडेतीन वर्षांच्या बालकाची मुलाखत घेण्यासाठी! आईला इंग्रजी येते का, बापाची नोकरी कोणती, हे विचारण्यासाठी! आमच्या परिचयाच्या एका शाळेत बापाचा धंदा 'खलाशी' असे सांगितल्यावर अर्जाचा कागदच परत देण्यात आला. शाळेचे नाव सांगण्याची आमची इच्छा नाही. संताचे आहे, एवढे पुरे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाच्या निमित्ताने, २०१४ च्या त्या निवाड्याविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तेव्हा आमच्यात मोठी अस्वस्थता पसरली. हक्क जाईल ही भीती खरी आहे आणि तो टिकावा यासाठी आम्हीही झगडू. पण न्यायालयाने उद्या विचारले की, या सवलतीने तुम्ही कोणत्या गरिबाला वर आणले, तर दाखवायला हजेरीपट हवा, शंभर टक्क्यांचा फलक चालणार नाही.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याकांच्या शाळांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्तीतर आहेत असे त्यात म्हटले होते. आयोगाच्या हेतूविषयी आपल्या लोकांनी शंका घेतली. ती सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या ७४ टक्क्यांची आम्हांस मुळीच लाज वाटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात गरीब, कुटुंबाच्या मायेला पारखे झालेले आणि श्रद्धेला अपरिचित असलेले, अशांची विशेष काळजी घेण्यास कॅथलिक शाळांना सांगितले आहे. तेव्हा ख्रिस्तीतर मुले असणे हा आमचा धर्मच आहे. लाज वाटावी असा आकडा त्याच अहवालात दुसरा आहे: अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा मिळून सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित मुले अवघी ८.७६ टक्के. पहिल्या आकड्यावर आमच्या सभांतून तासन्‌तास चर्चा झाली. दुसऱ्यावर कोणी बोलल्याचे आम्ही ऐकले नाही.

आमच्या किनाऱ्यावरच्या मराठी माध्यमाच्या शाळांत मात्र ही मुले आहेत, आणि म्हणूनच त्या शाळा आज काहींना नकोशा झाल्या आहेत. रापणकरांची मुले आहेत, धनगरवाडीवरून डोंगर उतरून येणारी आहेत, बौद्धवाडीतील आहेत. चिरेखाणीवर राबणाऱ्या कर्नाटकी मजुरांची मुले आहेत, आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची आहेत. शेवटची ही मुले बहर धरण्याच्या सुमारास येतात आणि आंबा उतरला की जातात. घरी नेपाळी वा कानडी बोलायची, वाडीत मालवणी ऐकायची, आणि शाळेत पुस्तकी मराठीतून इतिहास लिहायचा. अशा मुलाला तीन वर्षांत पस्तीस गुणांपर्यंत आणणारा शिक्षक आणि दोन शिकवण्या लावलेल्या मुलाला पंच्याण्णवावरून सत्त्याण्णवावर नेणारा शिक्षक, यांत थोर कोण, याचे उत्तर निकालपत्रकात मिळत नाही.

'आमची मुले तर तेथे उरलीच नाहीत, मग धर्मग्रामाने ती शाळा कोणासाठी चालवावी?' असा प्रश्न आम्हांला चर्चच्या पायऱ्यांवर विचारला जातो. विचारणारे भले लोक आहेत. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. बोटीवर, आखातात, परिचारिकेच्या नोकरीत इंग्रजीवाचून चालत नाही. ज्याच्या पोटाशी प्रश्न आहे त्याला मातृभाषेचे प्रवचन ऐकवणे सोपे आहे, आणि ते ऐकवणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात हे आम्हांला माहीत आहे. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसणे वेगळे. मराठी शाळेत सेमी-इंग्रजीची सोय आहे, गणित व विज्ञान इंग्रजीतून घेता येते. कमी पडते ते चांगल्या इंग्रजी शिक्षकाचे. त्यासाठी धर्मग्रामाने पैसा उभा करावा असे आम्ही सुचविले, तेव्हा फेस्ताच्या बॅण्डचा व रोषणाईचा खर्च आधीच ठरलेला निघाला!

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शासनाच्या संचमान्यतेत शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष अधिक कठोर केले. वरच्या वर्गांचा पट विसाच्या खाली गेला की शिक्षकाचे पदच धोक्यात येते, आणि कोकणातील वाड्या-वस्त्यांच्या शाळांना त्याची झळ सर्वाधिक बसली. त्याआधी २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याची योजना निघालीच होती. म्हणजे असे की, बावीस मुलांच्या वर्गातून आपल्या धर्मग्रामातील तीन सुखवस्तू घरांनी आपली तीन मुले काढून शहरातल्या शाळेत घातली, तर त्या तिघांचे काही बिघडत नाही. मागे राहिलेल्या एकोणीस जणांचा गणिताचा शिक्षक मात्र अतिरिक्त ठरतो आणि बदलून जातो. ही एकोणीस मुले दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, कारण दुसरीकडची गाडी त्यांच्या वाडीवर येत नाही. आपण आपल्या मुलाचा दाखला काढतो तेव्हा तो केवळ आपल्या घरचा निर्णय राहत नाही. हे पालकांना कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगत आहोत.

कॅथलिक शाळेने केवळ वा मुख्यतः संपन्न वर्गाकडेच लक्ष दिले तर ती समाजातील अन्यायाला हातभार लावील, असा इशारा परमधर्मपीठाच्या शिक्षण विभागाने १९७७ सालीच दिला आहे. तो दस्तऐवज आमच्या संस्थांच्या कपाटांत असतो. त्याच कपाटावर ढाली ठेवलेल्या असतात.

आमच्या धर्मग्रामाच्या पालकीय मंडळापुढे पाचवीसाठी प्रवेश-चाचणी सुरू करावी आणि मराठी तुकडी क्रमाक्रमाने बंद करून स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा काढावी, अशा सूचना आल्या आहेत. आम्ही दोहोंच्या विरुद्ध आहोत, आणि मत मागितले जाईल तेव्हा विरुद्धच मत देऊ. आमची उलट मागणी आहे. निकालाच्या फलकावर उत्तीर्णांच्या संख्येशेजारी आणखी दोन संख्या लिहाव्यात: याच मुलांच्या तुकडीत पाचवीत किती नावे होती, आणि नववीनंतर किती दाखले दिले गेले. सतरा नंबरचा सल्ला मुख्याध्यापकांनी एकट्याने देऊ नये; तो देण्यापूर्वी ते मूल व त्याचे आईबाप यांची पालकीय मंडळाच्या दोन सभासदांशी, शक्य तर त्यांच्या घरी जाऊन, भेट व्हावी. सेमी-इंग्रजीच्या शिक्षकाचे मानधन यंदाच्या फेस्ताच्या वर्गणीतून प्रथम बाजूला काढावे आणि उरलेल्या पैशांत बॅण्ड बसतो का ते मग पाहावे. मंडळाची सभा येत्या महिन्यात आहे. शाळेचा पाचवी ते दहावीचा हजेरीपट आम्ही कार्यालयातील टेबलावर ठेवला आहे. ज्यांना शाळा बंद करावयाची आहे त्यांनी सभेपूर्वी येऊन तो एकदा, नावे मोठ्याने वाचून, पाहावा.